स्पॉटरची काठी हातात आली की: काउबॉय नेमबाजीत मिस, दंड आणि डीक्यू कसे ठरवायचे

रंगवलेली काठी कुणी तुमच्या हातात दिली आणि "डावीकडे उभे राहा" म्हणालं, की समजायचं, आता तुम्ही स्पॉटर. काउबॉय ॲक्शन शूटिंगमध्ये बाहेरून आणलेले पगारी पंच नसतात. पंधरा-वीस जणांचा गट असतो, त्याला पॉसी म्हणतात. त्याच गटातले लोक आळीपाळीने गोळ्या झाडतात, मिस (चुकलेल्या गोळ्या) मोजतात, टायमर धरतात, पुंगळ्या गोळा करतात. ज्याची मिस तुम्ही आता मोजताय, तो अर्ध्या तासाने तुमची मोजणार आहे. म्हणून हे काम नीट शिकून घ्या. इथे अमेरिकेत या खेळाकडे वळलेली दोन-चार मराठी कुटुंबं मला भेटली, त्यांना मी दर वेळी तोंडी सांगत आले तेच आज लिहून काढते आहे.

मी मूळची साताऱ्याची. कॉलेजात खो-खो खेळले आणि नंतर काही वर्षं जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून उभी राहिले. तिथे आमच्या ज्येष्ठ पंचबाई सारख्या एकच सांगायच्या: धावणाऱ्याकडे सगळं मैदान बघतंय, तू उठणाऱ्याकडे बघ. खो मिळायच्या आधी उठला का, पाय कुठे पडला, सगळे फाउल तिथेच होतात. आज फीनिक्सच्या उत्तरेला, बेन ॲव्हरीच्या रेंजवर, निवडुंगांच्या माळावर उभी असते तेव्हाही मी तेच करते. टोपी, बूट, धूर, दोन्ही हातांतली रिव्हॉल्व्हरं हे सगळं बघायला प्रेक्षक आहेत. स्पॉटरने लोखंडाकडे, म्हणजे लक्ष्यांकडे, बघायचं.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात हा खेळ सुरू झाला. 'एंड ऑफ ट्रेल' ही पहिली मोठी स्पर्धा 1982 ची. 1987 मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली, तिला सगळे 'सॅस' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला चालायची तशी हत्यारं आणि तसाच पोशाख. प्रत्येक सभासदाचं एक टोपणनाव, आणि दोघांचं एकच नसतं. दोन सिंगल ॲक्शन (प्रत्येक गोळीआधी हॅमर, म्हणजे घोडा, अंगठ्याने मागे ओढावा लागतो ती) रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन रायफल, एक जुन्या घाटाची शॉटगन. एका स्टेजला, म्हणजे खेळाच्या एका फेरीला, साधारण रायफलच्या दहा, रिव्हॉल्व्हरच्या पाच आणि पाच, शॉटगनच्या चार किंवा जास्त गोळ्या. लक्ष्यं पोलादी, जवळ लावलेली, मोठी. अचूकतेइतकीच घाई महत्त्वाची.

इथेच एक सूचना. तुम्ही एच-वन किंवा तशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बघायला खुशाल या, पण बंदूक किंवा काडतूस हातात घेण्याआधी कायदा नीट समजून घ्या. अमेरिकेचा केंद्रीय कायदा अशा लोकांना, थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगू देत नाही. मी स्वतः नागरिकत्व मिळेपर्यंत फक्त पुंगळ्या गोळा केल्या.

हिशेब

टायमरवरचा वेळ अधिक दंडाचे सेकंद, इतकाच हिशेब. एक मिस म्हणजे 5 सेकंद. प्रोसिजरल, म्हणजे सांगितलेला क्रम किंवा कृती चुकणं, 10 सेकंद. बोलताना सगळे त्याला नुसतं 'पी' म्हणतात. मायनर सेफ्टी, म्हणजे सुरक्षेची छोटी चूक, 10 सेकंद. जाणूनबुजून खेळाच्या आत्म्याला बगल दिली तर 'स्पिरिट ऑफ द गेम', 30 सेकंद. त्याच्या वर स्टेज डीक्यू (डिस्क्वालिफिकेशन, त्या स्टेजपुरतं बाद), आणि सगळ्यात वर मॅच डीक्यू. मॅच डीक्यू मिळाला की हत्यारं गाडीत आणि त्या स्पर्धेतलं नाव बाद.

समजा टायमर 38.42 दाखवतो, दोन मिस आणि एक पी. 38.42 मध्ये 10 आणि 10 मिळवा, 58.42. शॉटगनचं पडायचं लक्ष्य पडलं नाही तर त्यावर पुन्हा झाडता येतं, वेळ जाईल तेवढाच. रायफल आणि रिव्हॉल्व्हरला ही मुभा नाही. तिथे ठरलेल्या गोळ्या ठरलेल्या ठिकाणी, आणि न झाडलेली प्रत्येक गोळी मिस धरली जाते.

मिस मोजताना

स्पॉटर तीन असतात. किमान दोघांचं जे जुळेल ते धरायचं. दोघं म्हणाले स्वच्छ आणि तिसरा म्हणाला दोन मिस, तर स्वच्छ. दोघांना एक मिस दिसली आणि तिसऱ्याला काहीच नाही, तर एक. तिसऱ्याने त्यावर वाद घालायचा नाही. आणि नेमबाजाचा चेहरा बघून, किंवा शेजारच्या स्पॉटरची बोटं बघून, आपली बोटं बदलायची नाहीत. स्टेज संपली की टायमरवाला मागे वळून विचारतो, तेव्हा तिघांनी एकदमच हात वर करावेत. जितक्या मिस तितकी बोटं, एकही नसेल तर मूठ.

उभं राहताना सगळी लक्ष्यं दिसतील अशी जागा बघा. तिघांनी एका बाजूला गर्दी करू नका. एक डावीकडे, एक उजवीकडे, तिसरा जिथून उरलेलं दिसतं तिथे. स्टेज सुरू व्हायच्या आधी कुठल्या बंदुकीने कुठलं लक्ष्य आणि कुठल्या क्रमाने, हे मनात तीनदा म्हणा. क्रम पाठ नसेल तर काठी दुसऱ्याला द्या, त्यात काही कमीपणा नाही.

मग मोजायचं काय? लागलेल्या गोळ्या मोजत बसू नका, चोवीस आकडे त्या घाईत टिकत नाहीत. चांगला नेमबाज अख्खी स्टेज वीस सेकंदांत आटोपतो. फक्त मिस मोजा. मिस दिसली की डाव्या हाताचं एक बोट मुडपा आणि पुढच्या लक्ष्याकडे बघा.

कानावर भरवसा ठेवावा, पण अर्धाच. शिशाची गोळी पोलादाच्या मधोमध लागली तर घणघण येते. कडेला चाटून गेली तर 'टिक' एवढंच, आणि तीही लागलेलीच गोळी असते. गोळी लक्ष्याच्या खालच्या स्टँडला लागली तरी आवाज होतो, पण ती मिस. शेजारच्या बे मध्ये (नेमबाजीच्या शेजारच्या जागेत) त्याच क्षणी शॉटगन उडाली तर घणघणही ऐकू येत नाही. म्हणून डोळे.

आमच्या वाळवंटात डोळ्यांना एक मदत आहे, ती म्हणजे धूळ. गोळी लक्ष्याला न लागता मागच्या मातीच्या बांधावर आदळली की तिथे धुळीचा लोट उठतो. तो दिसला आणि पोलाद हललं नाही, तर मिस. पण लागलेल्या गोळीचं शिसं फुटून पत्र्याच्या कडेने खाली उडतं आणि लक्ष्याच्या पायाशी जमिनीतून धूळ उठवतं. पहिल्या वर्षी मी या खालच्या धुळीला मिस समजत असे. एकदा एका आजोबांना मी दोन मिस दाखवल्या, उरलेल्या दोघांनी मूठ. नंतर त्यांच्यातल्या एकाने मला लक्ष्यांपाशी नेलं, नव्या पांढऱ्या रंगावर शिशाचे दोन राखाडी ठसे दाखवले आणि पायाशी उडालेली माती दाखवली. मागची धूळ वेगळी आणि पायाची धूळ वेगळी, हे मी त्या दिवशी शिकले. तुम्ही पहिल्याच दिवशी शिका. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, किंवा लक्ष्यं रंगवायला जाल तेव्हा, पत्र्याखालची जमीन जरूर बघा.

बंदुकीची जुनी काळी दारू (ब्लॅक पावडर) वापरणाऱ्यांच्या वेळी आणखी अवघड. वारा पडलेला असेल तर तिसऱ्या गोळीनंतर पांढऱ्या धुरापलीकडे काही दिसत नाही. बाजूला दोन पावलं सरका, आवाज ऐका, आणि दिसलं नाही तर नाही दिसलं. या खेळात सगळ्यांच्या तोंडी असलेलं सूत्र असं: लागली वाटतंय, तर लागली. चुकली वाटतंय, तरी लागली. चुकली हे पक्कं माहीत आहे, तरच मिस. संशय आला की तो नेमबाजाच्या पारड्यात. ही मेहेरबानी समजू नका. कुणाचे पाच सेकंद अंदाजावर काढून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मिस की पी?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एक वाक्य पाठ करा: मिसमुळे पी लागत नाही.

उदाहरण नेवाडा स्वीपचं घेऊ. तीन लक्ष्यं, दहा गोळ्या, डावीकडून जायचं आणि परत यायचं: एक, दोन, तीन, दोन, एक, दोन, तीन, दोन, एक, दोन. नेमबाजाने दुसरी गोळी दोनवर झाडली आणि ती चुकली. तो पुढे तीनवर गेला. क्रम बरोबर आहे, गोळी चुकली आहे. एक मिस, पी नाही. आता दुसरा नेमबाज येतो. तो एकनंतर थेट तीनला घणघणवतो आणि मग दोनवर येतो. सगळ्या गोळ्या लागल्या, पण क्रम मोडला. मिस शून्य, एक पी. तिसरा येतो आणि रायफलने रिव्हॉल्व्हरचं लक्ष्य ठोकतो. गोळी पोलादाला लागली, छान वाजली, पण बंदूक ती नव्हे. ती मिस.

आणि पी एका स्टेजला एकच. नेमबाजाचा क्रम रायफलमध्ये चुकला, मग रिव्हॉल्व्हरमध्येही चुकला, तरी 10 सेकंदच. नवे स्पॉटर दोन-दोन पी लावायला बघतात, तेव्हा टायमरवाल्याने थांबवायला हवं.

'स्पिरिट ऑफ द गेम' मात्र वेगळी गोष्ट आहे. क्रम विसरून चुकणं माणसाचं आहे. पण एखाद्याने मनाशी हिशेब केला, की अवघड क्रमात आपले पंधरा सेकंद जातील, त्यापेक्षा सगळ्या गोळ्या एकाच लक्ष्यावर ओतून 10 चा पी घेतलेला परवडला, तर ते खेळाशी बेइमानी करणं आहे. त्यासाठी 30 सेकंद. हा दंड स्पॉटरने एकट्याने लावायचा नसतो. हेतू ठरवायचा असतो, म्हणून टायमरवाला आणि स्पर्धेचे जबाबदार लोक मिळून ठरवतात. इतक्या वर्षांत मी तो मोजक्या वेळाच लागलेला पाहिला आहे.

सुरक्षेचे निर्णय

मिसच्या बाबतीत मी जेवढी सैल, तेवढी इथे नाही. पण इथेही पाहिलं तेच सांगायचं. "त्याची नळी बहुतेक वळली असेल" हे सांगणं नव्हे. पाहिलं असेल तर मात्र मैत्री, वय, सहा तासांचा प्रवास, काहीही आड येऊ द्यायचं नाही.

सुरुवात लोडिंग टेबलपासून होते. रिव्हॉल्व्हरला सहा घरं, पण पाचच काडतुसं. जुन्या रचनेत हॅमरचं टोक थेट काडतुसाच्या पाठीवर टेकतं, वरून काही आदळलं की गोळी सुटू शकते, म्हणून हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं. भरायची रीत: एक भरा, एक सोडा, पुढची चार भरा, हॅमर पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने धरून हळूच खाली आणा. बरोबर रिकाम्या घरावर येतो. टेबलवर देखरेखीला बसलेल्या माणसाने प्रत्येक रिव्हॉल्व्हर बाजूने उजेडात धरून ते घर रिकामं असल्याचं बघावं. गप्पा नंतर.

मग 170 अंशांचा नियम. नेमबाज उभा आहे तिथून, समोरच्या बांधाला समांतर अशी एक सरळ रेषा कल्पा, दोन्ही टोकांना पाच-पाच अंश कापा. उरलेल्या समोरच्या पट्ट्यातच नळीचं तोंड राहिलं पाहिजे. बाहेर गेलं की स्टेज डीक्यू. हे मोडतं कुठे? पोटाशी आडवं लावलेल्या होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर काढताना, अंग पुरतं वळवलं नाही तर. आणि शॉटगन भरताना, कमरेच्या पट्ट्यातलं काडतूस शोधायला माणूस खाली बघतो तेव्हा नळी हळूहळू बाजूला फिरते. टायमरवाल्याचे डोळे नळीवर हवेत, लक्ष्यांवर अजिबात नकोत. लक्ष्यांसाठी तीन माणसं आहेत.

रिकामी बंदूक कुणावरून फिरली तर स्टेज डीक्यू, भरलेली फिरली तर मॅच डीक्यू. हॅमर मागे ओढलेला, खाली जिवंत काडतूस, आणि तसंच एका जागेवरून दुसरीकडे चालत गेला, स्टेज डीक्यू. सुटलेली गोळी नेमबाजापासून पाच ते दहा फुटांत आदळली तर स्टेज डीक्यू, पाच फुटांच्या आत आदळली तर मॅच डीक्यू. एका स्पर्धेत दोन स्टेज डीक्यू झाले तरी मॅच डीक्यूच.

मायनर सेफ्टी बहुतेक वेळा लांब बंदुकीत राहिलेल्या काडतुसाची किंवा पुंगळीची असते. रायफल झाडून झाली, टेबलावर ठेवली, आणि आत एक पुंगळी अडकून राहिली. नेमबाजाने पुढच्या हत्यारातून गोळी झाडायच्या आधी परत येऊन ती काढली तर दंड लागत नाही. म्हणून टायमरवाल्याला ती दिसली तर त्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगावं: "रायफल!" इतर खेळांत पंच गप्प राहतो, इथे टायमरवाल्याने नेमबाजाला सुखरूप आणि दंडाशिवाय पार नेणं अपेक्षित आहे. "अजून एक", "शॉटगन राहिली", असं तो बोलू शकतो. फक्त खात्री असेल तरच बोलावं. चुकीचं सांगून नेमबाजाला चुकवलं तर त्याला स्टेज पुन्हा द्यावी लागते. काहीच न बोलल्याबद्दल मात्र पुन्हा संधी मिळत नाही.

एक आवाज ओळखायला शिका. 'ठो' ऐवजी 'फुस्स'. म्हणजे काडतुसात दारू कमी किंवा नव्हतीच, आणि गोळी नळीतच अडकली असू शकते. पुढची गोळी तिच्यावर आदळली तर नळी फुटते, बोटं जातात. टायमरवाल्याने क्षणही न घालवता थांबवायचं, ते हत्यार सुरक्षित खाली ठेवायला लावायचं. नेमबाज पुढच्या हत्याराने खेळ चालू ठेवतो, उरलेल्या गोळ्या मिस. नंतर तपासलं आणि नळी मोकळी निघाली तर त्याला स्टेज पुन्हा मिळते, त्यामुळे थांबवायला कचरू नका.

पडलेली बंदूक

रिकामी बंदूक पडली, स्टेज डीक्यू. भरलेली पडली, मॅच डीक्यू. वाचायला सोपं आहे. मी टायमर धरला होता तेव्हाची गोष्ट सांगते.

सत्तरीतले गृहस्थ होते, दोनशेहून अधिक मैल गाडी चालवून आलेले. पहिलं रिव्हॉल्व्हर झाडलं, होल्स्टरमध्ये ठेवताना ते तोंडाशीच अडलं, पूर्ण आत बसलं नाही. दुसरं काढताना कोपर लागलं आणि पहिलं खडीवर पडलं. मी "थांबा!" म्हणाले. ते सवयीने उचलायला वाकले, तेव्हा मी त्यांच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या मध्ये हात घातला. पडलेली बंदूक नेमबाजाने कधीच उचलायची नाही. दुसरं रिव्हॉल्व्हर आधी सुरक्षित केलं, मग पडलेलं मी स्वतः उचललं, नळी समोरच्या बांधाकडे ठेवून.

सगळ्यांना वाटत होतं, पाचही गोळ्या झाडून झाल्या, रिकामं रिव्हॉल्व्हर, स्टेज डीक्यू. पण माझ्या कानात चार 'ठो' आणि एक 'खट' होता. चौथ्या गोळीच्या जागी हॅमर पडला, काडतूस पेटलं नाही, आणि त्यांनी घाईत पुढची झाडली. मी बाजूचं झाकण उघडलं, सिलिंडर एक-एक घर फिरवलं. पुंगळी, पुंगळी, पुंगळी, मग शिशाचं टोक असलेलं अख्खं काडतूस, पाठीवर हॅमरचा हलका खड्डा. एक काडतूस जिवंत असलं तरी हत्यार भरलेलंच. मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि "बरोबर आहे" एवढंच म्हणाले. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आजही आठवलं की वाटतं, पण दुसरा निर्णय नव्हता.

त्या प्रसंगातून तीन गोष्टी घ्या. टायमर धरलात तर गोळ्यांचे आवाज मोजा, 'खट' वेगळा मोजा. पडलेलं हत्यार कुणाच्या अंदाजावर रिकामं धरू नका, उघडून बघा आणि नेमबाजालाही दाखवा. आणि निर्णय हळू, स्पष्ट आवाजात, फक्त त्या माणसाला सांगा. पॉसीला ओरडून सांगायची गरज नाही, लिहिणाऱ्याला सांगितलं की पुरे.

लिहून घेणं

नेमबाज अनलोडिंग टेबलवर जाऊन तिथल्या माणसाला सगळी हत्यारं रिकामी दाखवेपर्यंत त्याची स्टेज संपत नाही. तिथेही दंड निघू शकतो, त्यामुळे लिहिणाऱ्याने घाई करू नये. टायमरवाल्याने वेळ मोठ्याने वाचावा, लिहिणाऱ्याने तोच परत म्हणावा: "अडतीस बेचाळीस, दोन मिस, एक पी." नेमबाजाला ऐकू गेलं पाहिजे. शंका असेल तर ती तिथेच, पुढचा नेमबाज उभा राहायच्या आधी. पी लावला असेल तर कशासाठी, ते शेजारी दोन शब्दांत लिहा: 'रायफल क्रम', 'शॉटगन आधी'. दुपारी चारला कुणी विचारायला आलं तर तेवढ्यावर आठवतं. मी माझ्या खिशात नेहमी दोन पेन्सिली ठेवते. उन्हात टॅब्लेटचा पडदा तापून बंद पडतो, तेव्हा त्याच कामाला येतात.